पडणाऱ्या दातांवर खर्च कशाला?

पाच वर्षांच्या मुलाची दाढ किडली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘दुधाचीच तर आहे, पडणारच आहे.’ पटाशीच्या दातांपुरतं हे ठीक आहे, ते साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी पडतात. दुधाच्या दाढा मात्र पडतात नवव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान. म्हणजे आज किडलेल्या त्या दाढेला अजून चार-पाच वर्षं तरी पोळी चावायची असते.

दुधाच्या दातावरचं कवच पातळ आणि आतली नस मोठी असते, म्हणून कीड नसेपर्यंत लवकर पोचते. मूल एकाच बाजूनं चावायला लागतं, रात्री रडत उठतं, जेवण टाळतं. या दाढेच्या मुळांखालीच कायमचा दात तयार होत असतो आणि वर साचलेल्या पुवाचा त्यालाही उपद्रव होऊ शकतो. वैतागून दाढ काढून टाकली, तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. मग तो वाकडा येतो किंवा अडकून बसतो. पुढे तारा लावायची वेळ येते तेव्हा आपण आनुवंशिकतेला दोष देतो. तिचा वाटा असतोच, पण जागा गेली ती आपल्या दुर्लक्षानं. दाढ काढावीच लागली, तर जागा धरून ठेवणारी साधी पट्टी बसवता येते. त्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा.

‘दुधाच्या दाताचं रूट कॅनल म्हणजे लुबाडणूक’ हा दुसरा आक्षेप. उपचार खरा आहे. त्यात भरतात ते औषध दुधाच्या दाताच्या मुळांबरोबर विरघळत जाईल असं निवडलेलं असतं, त्यामुळे खालचा दात अडत नाही. वर स्टीलची टोपी बसवली की दाढ पडायच्या वयापर्यंत टिकू शकते. तरी संशय घ्यायला जागा आहे. दात काही महिन्यांत आपोआप पडणार असेल, तर एवढा खटाटोप सहसा लागत नाही. म्हणून एक्स-रे समोर ठेवून विचारा: ‘हा पडायला किती अवकाश आहे?’

सगळ्यात जास्त फसवते ती सहाव्या वर्षी येणारी दाढ. ती दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे उगवते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही आणि लागला तरी ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते, जन्मभराची. वरच्या खोल खाचांमध्ये बिस्किटाचा लगदा बसतो आणि आठव्या-नवव्या वर्षीच ती काळी पडलेली दिसते. या खाचा बुजवणारं सीलंट काही मिनिटांत लागतं, सुई लागत नाही. ते लावताना दाताचं कवच घासून पातळ करतात अशी भीती असते, पण त्यासाठी सहसा दात कोरावा लागत नाही. माझ्या मते मुलांच्या दातांवर पैसे खर्च करायची पहिली जागा हीच.

पेस्टचं म्हणाल, तर लहानांना फ्लोराइड नकोच असं मानून काही पालक फ्लोराइड नसलेली पेस्ट घेतात. किडीला अडवतं ते फ्लोराइडच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये दिलेलं असतं, ते १०००च्या आसपास असावं. विदर्भ-मराठवाड्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या पालकांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनीच करून द्यावा. तोवर मुलाचा हात मागच्या दाढांपर्यंत नीट वळत नाही.

वरची दाढ काढली की नजर जाते, हे अजूनही ऐकू येतं. दातांची संवेदना नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी. दात येताना जोराचा ताप आणि जुलाब व्हायचेच, हेही खरं नाही. तसं झालं तर बाळाला बालरोगतज्ज्ञाकडे न्या, दाताच्या नावावर ढकलू नका.

आता तारा. इथे दोन्ही टोकांची माणसं भेटतात. काही जण आठ वर्षांच्या मुलीच्या वरच्या दोन दातांमधली फट पाहून धास्तावतात. सात ते बारा या वयात अशी फट बहुधा नेहमीचीच असते. वरचे सुळे उतरले की ती बरेचदा आपोआप मिटते. दुसरे म्हणतात, सगळे कायमचे दात आल्याशिवाय दाखवायचंच नाही. तेही चूक. वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील, अंगठा चोखणं चार-पाच वर्षांनंतरही चालू असेल किंवा मूल तोंडानं श्वास घेत असेल, तर सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवायला हवं. दाखवणं म्हणजे लगेच तारा लावणं नव्हे. खालचा जबडा मागे राहिला असेल, तर वाढीच्या वयातच त्याला पुढे आणता येतं, आणि ते वय मुलींमध्ये मुलांपेक्षा लवकर येतं. नुसते वेडेवाकडे दात मात्र चाळिशीतही सरळ होतात.

तारांनी दात कमकुवत होत नाहीत, तारांभोवती न घासल्यानं किडतात. दीड-दोन वर्षांनी तारा निघाल्या की काम संपलं असंही नाही. दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर घातला नाही, तर ते पुन्हा सरकतात. आणि ‘आता अक्कलदाढ आली, तीच पुढचे दात ढकलते’ या समजुतीला संशोधनाचा भक्कम आधार नाही.

मुलाला कुणाकडे न्यावं? साधी कीड, सीलंट ही कामं चांगला बीडीएस दंतवैद्य करतो. जबड्याची वाढ आणि तारा यांसाठी मात्र त्या विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेला ऑर्थोडॉन्टिस्ट बघावा, घाबरणाऱ्या लहानग्यासाठी बालदंतरोगातला एमडीएस. घरी माप घेऊन, फोटोवरून, एक्स-रे न काढता पारदर्शक अलायनर पाठवणाऱ्यांपासून वाढत्या वयाच्या मुलाला लांबच ठेवा. मुळं आणि हाड न बघता दात हलवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. उपचाराचा कालावधी, एकूण खर्च आणि रिटेनरचे पैसे त्यात धरलेत का, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. ‘आत्ता काहीच केलं नाही तर काय होईल?’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरा सल्ला घ्या.

खाजगी दवाखाना परवडत नसेल, तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालयही आहे. रांग असते आणि खेपा घालाव्या लागतात, पण तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांचे दात तपासले जातात. तपासणीचं पथक शाळेत आलं, तर त्यानं दिलेली चिठ्ठी दप्तरात पडू देऊ नका. ती घेऊन त्याच आठवड्यात रुग्णालयात जा.