एक फ्लॅश, दोन कॅमेरे

पावसाळ्यात शिवथरघळीसमोर धबधबा कोसळत असतो. काळोख पडल्यावर त्याचे उडणारे थेंब दोन बाजूंनी, पण एकाच क्षणी टिपायचे झाले तर? पहिल्याच्या फ्लॅशचा उजेड दुसऱ्या कॅमेऱ्याजवळच्या प्रकाशविद्युत घटावर पडावा आणि घटाने कळ दाबावी, असे आपल्याला सुचते. 15 मीटर अंतर प्रकाश सेकंदाच्या दोन कोटीव्या भागात कापतो. निरोप वेळेवर पोचतो. उशीर करतो तो कॅमेरा. त्याचे शटर उघडायला सेकंदाचा विसावा भाग लागला असे धरू. फ्लॅश तर साधारण हजाराव्या भागातच विझतो! सेकंदाला 5 मीटर वेगाने पडणारा थेंब तेवढ्यात 25 सेंटिमीटर खाली गेलेला असतो.

म्हणून आपण क्रम उलटा करू. गडद काळोखात दुसऱ्याचे शटर आधीच उघडून ठेवू. फ्लॅश उडेल त्याच क्षणाचे चित्र दोन्हींत उमटेल. उजेड कमी पडला, तर घटाने शटरऐवजी दुसरा फ्लॅश उडवावा. त्यात हलणारा भाग नसल्याने उशीर नगण्य असतो.

वर्गात अंधार करून नळाच्या थेंबावर हा प्रयोग करता येईल. थेंबाशेजारी मोजपट्टी उभी करा, कॅमेरे सारख्या उंचीवर ठेवा. दोन्ही चित्रांत थेंब पट्टीच्या एकाच खुणेशी दिसतो का, हे विद्यार्थ्यांनाच तपासू द्या.