परदेशी शिक्षण : दाखविण्याचा पैसा आणि पुरण्याचा पैसा

जर्मनीत उच्च शिक्षण फुकट मिळते, हा समज महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत आता चांगलाच रुजला आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. त्या देशातील बहुसंख्य सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. साहजिकच अमेरिका व इंग्लंड येथील शुल्काचे आकडे ऐकून ज्यांनी परदेशाचा विचारच सोडून दिला होता, अशा शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या मुलामुलींची पावले तिकडे वळू लागली आहेत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीयांची संख्या ४९ हजारांच्या वर गेली होती. तेथील परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचाच होता.

ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु ‘शुल्क नाही’ याचा अर्थ ‘खर्च नाही’ असा लावला गेला की घराचे गणित चुकू लागते. शिवाय शुल्क नाही हेही सर्वत्र खरे नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातील सरकारी विद्यापीठे २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेतात. श्टुटगार्ट, कार्ल्सरुह आणि हायडेलबर्ग ही आपल्याकडे परिचित असलेली शहरे याच राज्यातील. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले असून पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी ते सत्राला ४,००० ते ६,००० युरो इतके आहे. तेव्हा ‘जर्मनी’ असा मोघम विचार करून भागत नाही. राज्य कोणते, विद्यापीठ कोणते, शहर कोणते, येथूनच अंदाजपत्रकाचा आरंभ झाला पाहिजे.

गोठविलेल्या खात्याचा अर्थ

जर्मनीचा व्हिसा मागणाऱ्या विद्यार्थ्याला सामान्यतः एका गोठविलेल्या खात्यात वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो ठरली. विद्यार्थी तेथे पोहोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो त्याच्या हाती पडतात. युरोचा भाव १०० रुपये धरला, तर ही रक्कम ११ लाख ९० हजार रुपयांच्या आसपास जाते. आपल्याकडील बहुतेक पालक या आकड्यालाच वर्षाचा खर्च समजतात, आणि चूक नेमकी येथेच होते.

हा आकडा आला कोठून? जर्मन सरकार आपल्या देशातील गरजू विद्यार्थ्यांना जे शैक्षणिक साहाय्य देते, त्याची कमाल मासिक मर्यादा ९९२ युरो आहे. तीच बारा महिन्यांनी गुणून ही रक्कम निघते. म्हणजे ज्याचे घर आगगाडीच्या काही तासांच्या अंतरावर आहे, ज्याची गादी, भांडी आणि हिवाळी कोट घरूनच येतात आणि जो सुटीत आईवडिलांकडे जाऊन राहू शकतो, अशा मुलाच्या गरजेचे ते माप आहे. नागपूरहून किंवा सांगलीहून गेलेल्या विद्यार्थ्याला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. वकिलातीला दाखविण्याचा पैसा निराळा आणि वर्षभर पुरण्याचा पैसा निराळा. पहिला आकडा सरकार ठरविते. दुसरा ज्याचा त्याने शहर पाहून ठरवावयाचा असतो.

शहरागणिक फरक केवढा पडतो, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. बर्लिनमधील मोझेस मेंडेल्सझोन संस्थेच्या २०२४ मधील पाहणीत सामायिक घरातील एका खोलीचे सरासरी भाडे देशभरात ४८९ युरो, तर म्युनिकमध्ये ७९० युरो आढळले. म्युनिकमध्ये भाडे देऊन झाल्यावर ९९२ पैकी २०२ युरो उरतात. विद्यार्थ्याचा सक्तीचा आरोग्य विमा महिन्याला १४० युरोंच्या पुढेच जातो. मग जेवणास काय उरले? विद्यार्थी वसतिगृहे स्वस्त असतात हे खरे, तथापि मोठ्या शहरांत त्यांची प्रतीक्षायादी अनेक महिने हलत नाही. पूर्वेकडील लहान शहरांत मात्र याच रकमेत नीट राहता येते. विद्यापीठाच्या नावाकडे पाहताना गावाच्या भाड्याकडे पाठ फिरविणे म्हणूनच परवडणारे नाही.

याखेरीज पहिल्या दोन महिन्यांचा भार वेगळा मांडावा लागतो. घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत कायद्यानेच मागू शकतो. विमानाचे तिकीट, प्रमाणपत्रांच्या पडताळणीचे शुल्क, व्हिसा, थंडीचे कपडे, विद्यापीठाची सत्र-वर्गणी आणि प्रत्येक घराला द्यावी लागणारी दरमहा १८.३६ युरोंची नभोवाणी-दूरचित्रवाणी वर्गणी, यांपैकी एकही बाब गोठविलेल्या खात्याच्या हिशेबात दिसत नाही. त्या खात्यातून महिन्याला ठरलेल्या रकमेहून अधिक काढताही येत नाही. म्हणून दोन-अडीच हजार युरोंची स्वतंत्र तजवीज ज्याने केली नाही, त्याला पहिल्याच महिन्यात उसनवारी करावी लागते.

कमाईचा भरवसा

येथे सर्वत्र एक उत्तर तयार असते : मुलगा तेथे काम करील. कायदा याला वाव देतो. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आणि १ जानेवारी २०२६ पासून तेथील किमान वेतन तासाला १३.९० युरो झाले आहे. कागदावर हा गुणाकार मोठा मोहक दिसतो. परंतु जर्मन भाषा न येणाऱ्याला पहिल्या सत्रात काम मिळेलच याची हमी कोण देणार? मिळाले तर ते बहुधा उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात किंवा गोदामात. परीक्षा तोंडावर आली की ते सोडावे लागते; न सोडले तर विषय राहतो, सत्र वाढते आणि कमावलेल्याहून अधिक पैसा वाढीव मुक्कामात जातो. म्हणून पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला कमाईचा आकडा शून्य धरावा. मिळेल ते बुडत्या वेळेसाठी शिल्लक पडेल.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम दोनच वर्षांत संपेल, हेही गृहीत धरू नये. पाचवे किंवा सहावे सत्र घेणारे विद्यार्थी थोडे नाहीत. निवास-परवान्याची मुदत वाढविताना निर्वाहाची सोय पुन्हा दाखवावी लागते. पदवीनंतर नोकरी शोधण्यास दीड वर्षापर्यंत राहता येते. पण त्या दिवसांतही भाडे आणि विमा थांबत नाहीत. शहाण्याने चोवीस महिन्यांचा नव्हे, तर तीस महिन्यांचा हिशेब करावा.

रुपया आणि कर्ज

या साऱ्यावर रुपयाच्या घसरणीची छाया आहे. १९६६ च्या अवमूल्यनात डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला, तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. २०२४ च्या आरंभी ९० रुपयांच्या आसपास असलेला युरो २०२५ मध्ये शंभराच्या पुढे गेला. दोन वर्षांचे २३,८०८ युरो ९० च्या भावाने २१ लाख ४२ हजार होतात. १०० च्या भावाने २३ लाख ८० हजार. मुलाने पावाचा एक तुकडाही अधिक खाल्लेला नाही आणि खर्च मात्र २ लाख ३८ हजारांनी वाढला. तेव्हा आजच्या भावावर निदान दहा टक्के चढवूनच मांडणी करणे इष्ट होय.

बहुतेक घरांत हा पैसा कर्जातूनच उभा राहतो. बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत चार लाखांवरील परदेशी शिक्षणासाठी पंधरा टक्के वाटा कर्जदाराने घालावयाचा असतो, आणि साडेसात लाखांच्या पुढे तारण लागते. तारण म्हणजे अर्थातच राहते घर. समजा, वीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने आरंभीच उचलले. शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे एक सवलतीचे वर्ष व्याज भरले नाही, तर सरळ व्याजानेही सहा लाख साचतात. मग सव्वीस लाखांवर दहा वर्षांचा हप्ता दरमहा ३४ हजारांच्या पुढे जातो. तेच व्याज दरमहा भरीत गेल्यास हप्ता साडेसव्वीस हजारांच्या आत राहतो. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत या व्याजावर आठ वर्षे वजावट मिळते. नव्या पद्धतीत मिळत नाही. निवृत्तीस पाच वर्षे उरलेल्या पित्याने हे दोन हप्ते शेजारी शेजारी मांडून पाहावेत, आणि मुलाला नोकरी मायदेशी मिळाली तर येथील पगारातून ते फिटतील काय, हा प्रश्न सहीपूर्वी विचारावा.

शिष्यवृत्त्यांचा शोध कर्जाच्या आधी घेतला पाहिजे, नंतर नव्हे. १८९२ मध्ये स्थापन झालेला जमशेटजी टाटांचा निधी आजही कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यांच्या मुदती प्रवेशपत्राची वाट पाहत नाहीत.

पैशाअभावी विद्या अडते, हा अनुभव या भूमीला नवा नाही. डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले. तिची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत अध्यापन करून, शिल्लक टाकून आणि मित्रांचे व शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. गांधीजींनी लंडनमधील विद्यार्थिदशेत पै-पैचा हिशेब रोज लिहिला, खोल्या सोडून एका खोलीत बिऱ्हाड केले, बसऐवजी पायी चालले. घरच्यांच्या ऐपतीबाहेर आपण खर्च करीत आहोत हे जाणवल्यावरच हे घडले, असे त्यांच्या आत्मकथेत नमूद आहे.

ही जाणीव मुलाला विमानात बसण्यापूर्वी व्हावयास हवी. आपल्या घरांत मात्र उलटे घडते. भविष्यनिर्वाह निधीतून किती काढले, बहिणीच्या लग्नाच्या ठेवीतून किती मोडले, हे मुलापासून लपविण्यात वडिलांना मोठेपणा वाटतो. आणि खोलीचे भाडे थकले, एक वेळ उपाशी राहावे लागले, हे घरी न कळविण्यात मुलाला. दोन्हीकडचे हे मौन प्रेमापोटीच असते, पण त्याचे व्याज बँकेच्या व्याजाहून जबर पडते. अंदाजपत्रक हे एकट्या वडिलांनी रात्री उशिरा पाकिटाच्या पाठीवर करावयाचे गणित नव्हे. आई, मुलगी, मुलगा सर्वांनी एकत्र बसून ते मांडावे, कोणता आकडा ओलांडला की परतावयाचे हेही त्यातच लिहावे. हिशेब न जुळल्यास एक वर्ष थांबणे, लहान शहर निवडणे किंवा बेत सोडून देणे यात कमीपणा नाही. विद्या घरी आणावयाची आहे. तिच्यासाठी घरच गमावून बसण्याची पाळी येऊ नये.