सेकंदाला चित्रे किती?

संगणकावर खेळ खेळणारी मुले ज्या घरात आहेत, त्या घरात हल्ली एक मागणी हटकून पुढे येते. जुना पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवितो. आता १४४ दाखविणारा हवा, शक्य तर २४० दाखविणारा. वडीलधाऱ्या मंडळींचे उत्तरही ठरलेले असते. सिनेमा सेकंदाला अवघ्या २४ चित्रांवर चालतो, माणसाच्या डोळ्याला त्याहून अधिक दिसतच नाही, तेव्हा हा सारा दुकानदारांचा खटाटोप! वाद काही हजार रुपयांचा असतो; आणि मुलगा अनुभवाचे बोलतो आहे की जाहिरातीला भुलला आहे, याचाही असतो. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, परंतु दोघांच्याही हातातील माप चुकीचे आहे.

पडद्यावर जे हलताना दिसते, ते वस्तुतः हलत नसते. एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांची सांगड मेंदू घालतो आणि त्यातून गतीचा भास निर्माण होतो. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तो मूकपटांचा काळ होता. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत आणि सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे घेत; हात कमीअधिक फिरला की वेगही बदले. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले. आवाजाला एकसारखा वेग लागतो, म्हणून २४ हा आकडा रूढ झाला. तेव्हा २४ ही डोळ्याची मर्यादा नव्हे. आवाज नीट उमटावा आणि फिल्मही फार खर्ची पडू नये, यातून निघालेली ती तडजोड होय. फिल्म दाखविणारे यंत्रसुद्धा तेवढ्यावर थांबत नसे. एकच चित्र ते निदान दोनदा उजळीत असे. कारण सेकंदाला २४ वेळाच उजेड पडला, तर पडदा लुकलुकताना कोणालाही दिसेल.

मग सिनेमात जे चालते ते खेळात का चालू नये? याची कारणे दोन आहेत. सिनेमाचे प्रत्येक चित्र घेताना कॅमेऱ्याची झडप सर्वसाधारणपणे सेकंदाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतका वेळ उघडी राहते. तेवढ्या अवधीत धावता घोडा थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून चित्रात तो किंचित पुसट उमटतो. हा पुसटपणा एका चित्राला पुढच्या चित्राशी जोडून देतो. खेळातील चित्र असे टिपलेले नसते. संगणक गणित करून ते एका क्षणापुरते रेखाटतो. म्हणून ते धारदार असते आणि दोन चित्रांमधील उडी डोळ्याला खुपते. काही खेळांत चित्रे मुद्दाम पुसट करतात, ती याचसाठी.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सिनेमा पाहणारा प्रेक्षक असतो. खेळणारा स्वतः त्यात भाग घेत असतो. मैफलीत तबलजीचा ठेका केसभर मागे पडला, तर मागच्या रांगेतील श्रोत्याला ते कळणारही नाही. गाणाऱ्याला मात्र ते तत्काळ खटकते, कारण त्याला पुढची जागा त्याच ठेक्यावर घ्यायची असते. खेळणाऱ्याचे असेच आहे. त्याचे बोट कळीवर पडते आणि त्याचा परिणाम लवकरात लवकर पुढच्या चित्रात दिसतो. ते चित्र जितके उशिरा येईल, तितका हात आणि डोळा यांचा मेळ ढिला पडतो.

आता मापाकडे वळता येईल. सेकंदाला किती चित्रे, असे विचारण्याऐवजी एका चित्राला किती वेळ, असे विचारले म्हणजे गोष्टी स्वच्छ दिसू लागतात. ३० चित्रांच्या वेगात एक चित्र सेकंदाचे सुमारे ३३ सहस्रांश टिकते. ६० च्या वेगात सुमारे १७. १२० च्या वेगात सुमारे ८. आणि २४० च्या वेगात सुमारे ४. दर वेळी आकडा दुप्पट होतो, परंतु वाचणारा वेळ निम्मा होत जातो. ३० वरून ६० वर गेल्यास १७ सहस्रांश वाचतात, ६० वरून १२० वर गेल्यास ८, आणि १२० वरून २४० वर गेल्यास केवळ ४. खोक्यावरील आकडे मोठमोठ्या ढांगा टाकताना दिसतात. हाती येणारा लाभ मात्र पावलागणिक आखूड होत असतो.

यावर असा आक्षेप येतो की, दिसलेल्या गोष्टीवर कृती करण्यास माणसाला सेकंदाचे दोनशेहून अधिक सहस्रांश लागतात. मग आठ सहस्रांशांची मातबरी ती काय? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. प्रतिक्रियेला लागणारा वेळ वेगळा आणि डोळ्याला जाणवणारी स्पष्टता वेगळी. समजा, एक वस्तू पडद्यावरून सेकंदाला ९६० पिक्सेल या वेगाने जात आहे. डोळा तिच्यामागे सलग सरकत असतो, परंतु आजच्या नेहमीच्या पडद्यावर प्रत्येक चित्र पुढचे चित्र येईपर्यंत जागीच थिजलेले असते. त्यामुळे ६० च्या वेगात ती वस्तू डोळ्याला सुमारे १६ पिक्सेल फरकटलेली दिसते. १२० मध्ये ८ आणि २४० मध्ये ४. धावत्या मोटारीवरील पाटी वाचता येते की नाही, एवढा हा फरक आहे, आणि तो प्रतिक्रियेच्या वेळेवर अवलंबून नाही.

प्रयोगांचा कौलही याच बाजूस पडतो. अमेरिकेतील वूस्टर पॉलिटेक्निक या संस्थेत मार्क क्लेपूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमबाजीच्या खेळांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. चित्रांचा वेग घटला की खेळणाऱ्याची कामगिरी ठळकपणे घसरते. चित्राचा रेखीवपणा कमी केल्याने मात्र तिच्यावर फारसा परिणाम होत नाही, असे त्यांत आढळले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, विशिष्ट धारदार चित्रे दाखविली असता सेकंदाला ५०० वेळा होणारी लुकलुकही माणसांना जाणवली. ती परीक्षा खेळांची नव्हती. परंतु डोळ्याची सीमा २४ वा ६० वर संपते, हा समज तिने खोटा ठरविला.

तथापि सगळे खेळ सारखे नसतात. बुद्धिबळ, पत्ते अथवा सावकाश चालणारा कथाप्रधान खेळ यांत ३० चित्रेही चालून जातात. मोटारींची शर्यत, चेंडू नेमक्या क्षणी टोलविण्याचा क्रिकेटचा खेळ, यांत ६० चा लाभ स्पष्ट आहे. दुसऱ्या खेळाडूशी क्षणाची स्पर्धा असलेल्या नेमबाजीत १२० वा १४४ चा उपयोग होतो. २४० चे चीज मात्र मुरलेला खेळाडूच करू शकेल. डोळ्यांवर चढविण्याच्या आभासी जगाच्या चष्म्यांची गोष्ट निराळी. मान वळली आणि दृश्य मागे राहिले, तर घेरी येऊ लागते. म्हणून २०१६ साली बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या दोन्ही चष्म्यांनी सेकंदाला ९० चा वेग ठेवला होता.

वेगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व सातत्याला आहे. सेकंदाला ६० वेळा बदलणाऱ्या पडद्यावर खेळ ४५ चित्रांच्या वेगाने चालला, तर काही चित्रांना एक पाळी मिळते आणि काहींना दोन, गती अडखळते. त्यापेक्षा एकसारखी येणारी ३० चित्रे पुष्कळांना सुसह्य वाटतात. ही अडचण ओळखून, चित्र तयार होईल तेव्हाच बदलणारे पडदे २०१३ नंतर निघाले. ज्याच्या संगणकाचा वेग वरखाली होतो, त्याला असा पडदा मोठ्या आकड्याहून अधिक उपकारक ठरतो.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. चित्रे रेखाटतो संगणक आणि दाखवितो पडदा. दोहोंपैकी जो मंद, त्याचाच वेग डोळ्याला मिळतो. खेळाची सेकंदाला ५० चित्रेच रेखाटणाऱ्या संगणकाला १४४ चा पडदा जोडला, तर त्या खेळात पैसा जवळजवळ वाया जातो. उलट कित्येक घरी १४४ चा पडदा येऊनही सेटिंग ६० वरच राहते, आणि नव्या पडद्याची वाखाणणी मात्र चालूच असते. चित्रे दुप्पट म्हणजे यंत्राचे कामही जवळपास दुप्पट; वीज आणि उष्णता त्याबरोबर वाढतात, आणि मोबाइलची बॅटरी लवकर उतरते.

घरातील वाद मिटविण्यास एक सोपी परीक्षा पुरेशी आहे. मित्राच्या घरी वा दुकानात वेगवान पडदा असेल, तेथे दुसऱ्या कोणी तरी खेळणाऱ्याच्या नकळत वेग बदलावा आणि त्याने खेळून तो ओळखावा. असे दहा वेळा करावे. ३० आणि ६० मधील फरक बहुतेकांना सहज सांगता येईल. ६० आणि १२० मधील फरक नियमित खेळणारा बहुधा ओळखील. १४४ आणि २४० पाशी मात्र पुष्कळांची उत्तरे अंदाजावर जातील. मुलाने जेथवर अचूक ओळखले, तेथवरची त्याची मागणी खरी आहे, आणि वडिलांनी ती ऐकण्यात काही वावगे नाही. त्यापुढचा आकडा मात्र खोक्यावरच राहिला, तरी खेळात काही उणे पडणार नाही.