“ती ओरडली का नाही?”

सख्यांनो,

बैठकीत हप्त्याचं, कर्जाचं बोलणं संपलं की कधी टीव्हीवरच्या बातमीचा विषय निघतो. कुठे युद्ध, कुठे दंगल, आणि तिथे बायकांवर झालेले अत्याचार. मग कुणीतरी म्हणतंच, “ती ओरडली का नाही?” आज याच प्रश्नाबद्दल बोलू. कारण याच प्रश्नापायी आपल्या महाराष्ट्रात एका मुलीचा न्याय हुकला.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर आणि आताचा गडचिरोली जिल्हा. मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी तक्रारीच्या कामासाठी घरच्यांबरोबर पोलीस ठाण्यात गेली होती. तिथेच पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केला. हे ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखलं जातं. नागपूरच्या हायकोर्टाने पोलिसांना दोषी ठरवलं. भीतीने गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, असं ते म्हणालं. पण १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडलं. का? तर अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरडा पटण्यासारखा नाही.

आता सांगा, ठाण्याचं दार बंद, समोर वर्दी. ओरडून ऐकणार कोण?

१९७९ मध्ये वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी आणि रघुनाथ केळकर यांनी सुप्रीम कोर्टाला खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

दूर आफ्रिकेत रवांडातही असंच घडलं. १९९४ च्या वंशसंहारानंतर ताबा या भागाच्या प्रमुखावर आंतरराष्ट्रीय कोर्टात खटला चालला. सुरुवातीच्या आरोपपत्रात बलात्काराचा शब्दही नव्हता. साक्षीला आलेल्या बायका बोलल्या, म्हणून १९९७ मध्ये तो आरोप जोडला गेला. १९९८ च्या निकालात कोर्टाने सांगितलं, की हत्यारबंद माणसांच्या गराड्यात जबरदस्ती वेगळी सिद्ध करावी लागत नाही. बलात्कार हा वंशसंहाराचाही भाग असू शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा मान्य झालं.

आपल्याकडे २०१३ पासून कायद्यात पोलिसांबरोबर तैनात सशस्त्र दलाचा जवान आणि जातीय दंगलीतला अत्याचारही आला. आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये आहे. शिक्षा किमान १० वर्षं. संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली, “माझी संमती नव्हती,” तर कोर्ट तेच धरून चालतं. उलटं सिद्ध करणं आरोपीचं काम. अजून एक अडचण मात्र आहे. जिथे सशस्त्र दलांचा विशेष अधिकार कायदा लागू आहे, तिथे जवानावर खटला भरायला केंद्र सरकारची परवानगी लागते.

आपण काय लक्षात ठेवायचं?

• घटना कुठलीही असो, सावद्याच्या ठाण्यातही ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. नोंद टाळणारा पोलीस स्वतः शिक्षेस पात्र ठरतो.
• सरकारी असो की खाजगी, दवाखान्याने उपचार मोफत द्यायचे. तपासणी तिच्या संमतीनेच.
• शक्यतो आधी आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. पण उशीर झाला तरी तक्रार करता येते.
• मोफत वकिलासाठी १५१००, महिला मदतीसाठी १८१. अर्थसाहाय्यासाठी ‘मनोधैर्य’ योजना.
• तिचं नाव-गाव पसरवणं गुन्हा आहे, व्हॉट्सअॅपवरसुद्धा.

आणि केळीच्या बागेत, बाजारात, बैठकीत कुणी विचारलं, “ती ओरडली का नाही?” तर आपण विचारू, “त्याने हात का लावला?”