भीमथडीचे तट्टू

कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुना जालना व दुसऱ्या तीरावर नवीन जालना, अशी जालना शहराची दोन अंगे आहेत. नवीन जालन्याच्या पेठांतून आज मोटारी, दुचाकी आणि मालवाहू गाड्या यांची अखंड वर्दळ चालू असते. तेथील एखाद्या मुलास घोडा पाहावयाचा झाला, तर त्याला बहुधा लग्नसराईचीच वाट पाहावी लागते. बँडच्या गजरात, भरजरी झूल पांघरून, बिचकत बिचकत चालणारा वरातीचा घोडा पाहून त्या मुलाला वाटते की, घोडा हा प्राणी केवळ मिरविण्यासाठीच जन्मास आला असावा.

परंतु याच जिल्ह्याच्या मातीने एके काळी हजारो घोड्यांच्या टापांचा आवाज ऐकला आहे. जिल्ह्याच्या उत्तरेस असई नावाचे गाव आहे. कैलना आणि जुई या दोन लहान नद्यांच्या मधल्या भागात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, शिंदे व भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी तेथे घनघोर लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्या अंगाखालचा एक घोडा गोळी लागून कोसळला व दुसरा भाल्याने जखमी झाला. लढाईच्या वर्णनात सेनापतीच्या घोड्यांची अशी नोंद सापडते. पण साध्या मराठा स्वाराचे घोडे कसे होते, ते काय खात, कोठे राहत आणि पुढे त्यांचे काय झाले, याविषयी फारसे कोणी सांगत नाही.

ते घोडे कसे होते याची एक खूण आपल्या राज्यगीतात आहे. कवी राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ साली महाराष्ट्राच्या राज्यगीताचा मान मिळाला, त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. गीत गाताना आपण हे शब्द मोठ्या उत्साहाने म्हणतो. मात्र भीमथडी म्हणजे काय, असे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. थडी म्हणजे काठ. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावून आग्नेयेकडे वाहत जाणाऱ्या भीमा नदीचा काठ तो भीमथडी. या नदीच्या व तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यात जे घोडे निपजले, त्यांना भीमथडीची तट्टे म्हणत.

'तट्टू' या शब्दात थोडी हेटाळणी आहे, असे आपणांस वाटते. वस्तुतः तट्टू म्हणजे उंचीने लहान घोडा, एवढाच त्याचा अर्थ. खांद्याशी उंची मोजली असता जो घोडा सुमारे १४७ सेंटीमीटरपेक्षा कमी भरतो, त्याला जगभर तट्टूच म्हणतात. भीमथडीचा घोडा या मापात बसतो. चित्रकार मात्र मावळ्याचे चित्र काढताना त्याच्या अंगाखाली हटकून उंच, लांब मानेचा आणि तकतकीत पाठीचा घोडा काढतात. चित्र शोभून दिसते खरे; परंतु सह्याद्रीच्या निसरड्या, दगडगोट्यांच्या वाटेवर अशा उंच घोड्याची तारांबळ उडाली असती. आखूड पायांच्या जनावराचे वजन जमिनीलगत राहते. त्यामुळे उतारावर त्याचा तोल सहसा जात नाही. त्याचे खूर टणक असतात आणि कोरड्या, आखूड गवतावरही ते आपला निर्वाह करते. यांपैकी कोणी कुमाईत, कोणी अबलख, तर कोणी चारही पायांवर व कपाळावर पांढरे असलेले पंचकल्याणी असते. 

घोड्याच्या शरीराची रचना मोठी नवलाची आहे. तो गाईप्रमाणे रवंथ करीत नाही. त्याचे पोट देहाच्या मानाने लहान असते. म्हणून एकदाच भरपूर खाऊन दिवसभर स्वस्थ बसणे त्याला जमत नाही. थोडे थोडे, पण पुष्कळ वेळ चरावे, अशी त्याची रीत असते. पायांच्या सांध्यांत निसर्गाने अशी काही योजना केली आहे की, स्नायूंना फारसा शीण न देता तो उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो. मोकळ्या माळावर ज्याच्या पूर्वजांना हिंस्र श्वापदांपासून पळून जीव वाचवावा लागे, त्याला हे वरदानच होय.

आणि त्याचे पळणे! संथ चालीत घोड्याचे चारही पाय एकामागून एक पडतात आणि कान देऊन ऐकले तर चार टापा वेगवेगळ्या ऐकू येतात. तो दुडक्या चालीने निघाला म्हणजे समोरासमोरचे पाय, म्हणजे पुढचा उजवा व मागचा डावा, जोडीने पडतात. तेव्हा दोनच ठोके ऐकू येतात. तो चौखूर उधळला म्हणजे मात्र पाय कसे पडतात, हे डोळ्यांना दिसतच नाही. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय कधी एकाच वेळी जमिनीपासून सुटतात काय, याविषयी लोकांत फार दिवस वाद होता. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे लावले आणि धावत्या घोड्याची लागोपाठ चित्रे घेऊन तो वाद मिटविला. चारही पाय सुटतात, आणि तेही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. त्यापूर्वी चित्रकार पाय पुढेमागे ताणलेला घोडा हवेत दाखवीत. ते चुकीचे ठरले. भरधाव धावताना घोड्याचा श्वासही पायांच्या तालावर चालतो. एका झेपेला एक श्वास, असा तो हिशेब असतो.

असा घोडा बाळगणे म्हणजे त्याची रोज काळजी वाहणे. शिवाजी महाराजांच्या सैन्यात सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वारास बारगीर म्हणत व स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणाऱ्यास शिलेदार म्हणत. सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था सांगितली आहे. पंचवीस बारगिरांमागे पाणी भरणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद असे. पावसाळ्यात फौज छावणीस येई. तेथे दाणा, वैरण आणि औषधे यांचा साठा आधीच करून ठेवीत आणि दसरा झाला की घोडे पुन्हा मोहिमेवर निघत.

या छावणीविषयी महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात चिपळूणच्या बाजूस राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. त्यात शौर्याच्या गोष्टी नाहीत. गवताच्या गोष्टी आहेत. साठवलेला दाणा व वैरण साऱ्या पावसाळ्यास पुरली पाहिजे. आज हवी तशी उधळली, तर भर पावसात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. मग स्वार रयतेकडे जातील. कोणी तिचे धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. असे झाल्यावर रयत गाव सोडून जाईल. याहीपुढे जाऊन पत्रात उंदराचाही विचार केला आहे. रात्री दिवा जळत ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि सारी वैरण जळून घोडे मरतील. राज्य चालविणाऱ्याने दिव्याच्या वातीपर्यंत लक्ष पुरवावे, याचे आज नवल वाटते. परंतु ज्याने घोडा पाळला आहे, त्याला त्यात नवल वाटणार नाही.

१८१८ साली पेशवाई संपली. मराठ्यांच्या फौजा मोडल्या आणि पागा ओस पडल्या. ज्यांच्या पाठीवर बसून स्वार दूरदूरच्या मुलखांत गेले, त्या तट्टांना विचारणारे कोणी उरले नाही. पुढे रेल्वे आली, मोटारी आल्या. आणि भीमथडीचा घोडा नाहीसा झाला, अशी समजूत पसरली.

तो नाहीसा झाला नव्हता. त्याने फक्त धनी बदलला होता.

पुणे, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरड्या भागात मेंढपाळ धनगरांची वस्ती आहे. सह्याद्रीच्या उंच भिंतीवर पावसाचे ढग कोकणातच रिते होतात. त्यामुळे तिकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असता, इकडे माणदेशासारख्या भागात पाचशे मिलिमीटरच्या आसपासच तो पडतो. पावसाळ्यानंतर थोडे दिवस माळावर गवत राहते. मग ते सरते. मेंढ्या तर शेकड्यांनी असतात. म्हणून दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे घर सोडून निघतात. कोणी मराठवाड्याच्या बाजूस जातात, तर कोणी घाट उतरून कोकणात. चार-सहा कुटुंबे मिळून एकत्र चालतात. त्या तांड्याला वाडा असे म्हणतात. वाडा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिरेबंदी इमारत येते. येथे मात्र सारा वाडाच घोड्यांच्या पाठीवर असतो!

भल्या पहाटे, उजाडण्यापूर्वीच वाड्यात जाग येते. बायका पाल उतरवून गुंडाळतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, धान्याच्या गोण्या आणि रात्री मेंढ्या कोंडण्यासाठी लागणारी दोरांची जाळी, हे सारे घोड्यांवर चढते. ओझे लादणे हे कौशल्याचे काम आहे. दोन्ही अंगांना भार सारखा पडला पाहिजे. एका अंगास जास्त झाला, तर ओझे कलंडते, दोर घासतो आणि घोड्याच्या पाठीला जखम होते. आणि जखमी पाठीचा घोडा म्हणजे साऱ्या कुटुंबाचा खोळंबा. ओझ्याच्या वर कोंबड्या बांधलेल्या असतात. नुकतीच जन्मलेली कोकरे कळपाबरोबर चालू शकत नाहीत. त्यांनाही तेथेच जागा मिळते. आणि या सर्वांच्या वर, दोराला घट्ट धरून, वाड्यातले लहान मूल बसलेले असते. पुष्कळ धनगर मुले चालावयास लागण्यापूर्वीच घोड्यावर बसलेली असतात.

मग वाड्याचे दोन भाग होतात. पुरुष मेंढ्या घेऊन, माळामाळाने चारीत चारीत निघतात. बायका घोड्यांचे दोर धरून दुसऱ्या वाटेने पुढे जातात आणि मुक्कामाची जागा गाठून संसार मांडतात. संध्याकाळी कळप येऊन पोहोचतो, तेव्हा चूल पेटलेली असते. घोड्यांची ओझी उतरविली की त्यांच्या पुढच्या पायांना दोर बांधून त्यांना चरावयास सोडतात. म्हणजे त्यांना हळूहळू हिंडता येते, पण दूर पळून जाता येत नाही. रात्री कुत्री राखणीला असतातच.

ज्या शेतात रात्री मेंढ्या बसतात, त्या शेताला लेंडीचे आयते खत मिळते. त्याबद्दल शेतकरी मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो. दुसऱ्या दिवशी ते धान्य पुन्हा घोड्याच्याच पाठीवर चढते. सैन्यातील घोडा दाणा मागत असे. वाड्यातील घोडा दाणा वाहून आणतो आणि स्वतः वाटेकडेच्या गवतावर भागवितो. युद्धाच्या धामधुमीपेक्षा हे काम मला अधिक कठीण वाटते, कारण यात विजयाचा दिवस कधी उगवत नाही. रोज ओझे, रोज चाल.

या लोकांचा देव खंडोबा, तोही घोड्यावरच बसलेला. मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची मोठी यात्रा भरते आणि तेथे घोड्यांचा बाजारही असतो. बाजारात गर्दी होते ती मात्र उंच, देखण्या मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांभोवती. त्यांच्या डौलापुढे बिचाऱ्या तट्टाकडे कोण पाहणार?

आपल्या भाषेने मात्र घोड्याचे सारे साहित्य जपून ठेवले आहे. घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधीत, तिला तोबरा म्हणत. आज आपण भातानेच तोबरा भरतो. घोड्याच्या पायाला बांधावयाचा दोर तो पायबंद. आपण वाईट चालींना पायबंद घालतो. आणि खोगीर फुगावे म्हणून त्यात जो पेंढा, चिंध्या व असाच निरुपयोगी माल कोंबीत, ती खोगीरभरती. परीक्षेत उत्तर येत नसताना पान भरून काढणाऱ्या विद्यार्थ्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

२०२४ च्या आरंभी हरियानातील कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेने भीमथडीच्या घोड्याची देशातील एक स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झांस्करी इत्यादी सात जाती पूर्वीच नोंदलेल्या होत्या, ही आठवी. नोंद झाली म्हणजे त्या जातीची मोजदाद करणे, तिचा वंश शुद्ध राखणे, तिच्यासाठी योजना आखणे सोपे जाते. तथापि कागदावर गवत उगवत नाही. चराऊ माळांवर आज कोठे कारखाने, कोठे वसाहती उभ्या राहत आहेत. ज्या वाटांनी वाडे पिढ्यानपिढ्या चालले, त्यांचे मोटाररस्ते झाले असून घाटाच्या वळणावर भरधाव मालमोटार आली की घोडा बिथरतो. काही कुटुंबे आता आपले सामान टेम्पोतून नेतात. त्यांना दोष कोणी द्यावा? त्यांची मुले एका जागी राहून शाळेत जाऊ इच्छितात, हेही योग्यच आहे. परंतु भीमथडीचा घोडा टिकला तो वाडे चालत राहिले म्हणून. वाडे थांबले तर त्याला काय काम उरेल, हा प्रश्न नोंदवहीने सुटलेला नाही.

दरवर्षी मृगाच्या सरी कोकणात कोसळू लागण्यापूर्वी वाडे पुन्हा घाट चढू लागतात, कारण तेथला मुसळधार पाऊस मेंढ्यांना सोसत नाही. हिवाळ्यात वाटेवरच एखादी घोडी व्यालेली असते. शिंगरू जन्मल्यावर तास-दोन तासांत धडपडत उभे राहते आणि थोड्याच दिवसांत आईच्या बरोबरीने चालू लागते. त्याच्या पाठीवर अद्याप ओझे नसते. घाटाच्या वाटेने आई जड पावलांनी चढत असते आणि शिंगरू कधी पुढे धावते, कधी गवताला तोंड लावते, आणि आई दूर गेलेली दिसली की खिंकाळत चौखूर तिच्यामागे निघते.