वडीलधाऱ्या स्त्रियांची शिकवण आणि युवतीचा होकार

क्रेत बेटावरील ख्रिस्तसभेची घडी नीट बसवावी म्हणून संत पौलाने तीतला तेथे ठेवले होते. तीतला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो सांगतो की, वयस्क स्त्रियांनी आपल्या आचरणाने आदर्श घालून द्यावा आणि तरुण स्त्रियांना शिकवावे. पती व मुलांवर प्रेम, संयम, शुद्ध आचरण, घराची काळजी आणि ममता हे त्या शिकवणीचे विषय होत. आपल्या धर्मग्रामातील आजी, मावशी व धर्मभगिनी आजही हेच प्रेषितकार्य करीत असतात.

परंतु संसाराचे धडे देण्यापूर्वी युवतीला आणखी एक गोष्ट शिकविणे अगत्याचे आहे असे आम्हांला वाटते. ती म्हणजे तिच्या होकाराचे मोल. देवदूताचा निरोप ऐकल्यावर पवित्र मरियेने प्रश्न विचारला, उत्तर ऐकले आणि मगच होकार दिला. परमेश्वराने तिच्या स्वातंत्र्याचा मान राखला. त्यानंतर ती अलीशिबेकडे गेली व सुमारे तीन महिने तेथे राहिली. वयाने वडील असलेल्या अलीशिबेने त्या तरुणीला प्रथम धन्य म्हटले. वडीलधाऱ्या स्त्रीने तरुणीशी कसे बोलावे याचा हा उत्तम धडा आहे.

ख्रिस्तसभेचा कायदाही हेच सांगतो. कॅनन १०५७ नुसार वधूवरांच्या संमतीने विवाह सिद्ध होतो. ती संमती त्यांच्या वतीने दुसरे कोणीही देऊ शकत नाही. बळजबरीने किंवा गंभीर भीतीपोटी लावलेला विवाह कॅनन ११०३ प्रमाणे अवैध ठरतो. प्रचलित वयाआधी तरुणांनी विवाह करू नये म्हणून धर्मगुरूंनी त्यांना परावृत्त करावे, असे कॅनन १०७२ सांगतो. देशाच्या २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार मुलीचे वय किमान १८ वर्षे पूर्ण हवे.

कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावांत आणि एकूणच मराठवाड्यात या गोष्टीला फार महत्त्व आहे. पाऊस हुलकावणी देतो, अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात, वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवावे ही चिंता आईबापांना ग्रासते आणि शाळा सुटून लग्न ठरते. आईबापांची चिंता खरी आहे. पण तिचे ओझे मुलीने का वाहावे? अशा वेळी गावातील एखाद्या वडीलधाऱ्या बाईने पुढे होऊन, “पोरगी माझ्या घरी राहील, तिची शाळा बुडू देऊ नका,” असे म्हटले, तर तेच तीतच्या पत्राचे खरे वाचन ठरेल. संकटात सापडलेल्या मुलीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही प्रत्येक युवतीला पाठ असावा.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ साली स्त्रीच्या प्रतिष्ठेवर प्रेषितीय पत्र लिहिले. २०१० साली भारतीय कॅथलिक ख्रिस्तसभेने स्त्रीपुरुष समतेचे धोरण स्वीकारले. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी वाचक व वेदीसेवक ही सेवापदे स्त्रियांना खुली केली. तेव्हा युवतींना स्वयंपाक व जपमाळेबरोबरच शास्त्रवाचन, आरोग्याची माहिती आणि प्रश्न विचारण्याचे धैर्यही द्यावे. महिला मंडळाच्या बैठकीत महिन्यातून एक तास त्यांच्यासाठी राखून ठेवणे कोणत्याही धर्मग्रामाला जमण्यासारखे आहे.

पवित्र मरिया आपल्या लेकींना होकाराचे आणि गरज पडल्यास नकाराचेही बळ देवो, हीच प्रार्थना.