आधुनिक भारतीय युद्धांचे इतिहासलेखन

आधुनिक भारतीय युद्धांचे इतिहासलेखन म्हणजे पहिल्या महायुद्धापासून १९९९ च्या कारगिल युद्धापर्यंत भारतीय सैन्याने लढलेल्या युद्धांचा साधनांच्या आधारे घेतलेला शोध आणि त्याचे ग्रंथरूप लेखन होय. या लेखनात लढायांच्या वर्णनाबरोबरच युद्धामागील राजकीय निर्णय, सैन्याची सिद्धता, रसदपुरवठा, नेतृत्व, जीवितहानी आणि युद्धाचे समाजावर झालेले परिणाम यांचाही अभ्यास येतो. मध्ययुगीन युद्धांच्या अभ्यासकाला साधनांची टंचाई भासते. आधुनिक युद्धांची कागदपत्रे विपुल असतात. पण त्यांतील बराच भाग गोपनीय म्हणून दीर्घकाळ बंद राहतो. त्यामुळे युद्धाविषयीचे पहिले चित्र अनेकदा आठवणी आणि वृत्तपत्रे यांवरून तयार होते आणि दस्तऐवज खुले झाल्यावर ते तपासून घ्यावे लागते.

साधने

युद्धक्षेत्रातील पलटणी व मुख्यालये रोजच्या घडामोडींची नोंद ठेवतात. तिला युद्धदैनंदिनी म्हणतात. हालचाली, मिळालेले हुकूम, हवामान, चकमकी व हताहतांची संख्या तीत नोंदवलेली असते. पहिल्या महायुद्धात भारताबाहेर लढलेल्या अनेक भारतीय पलटणींच्या दैनंदिन्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभ्यासकांसाठी खुल्या आहेत. या युद्धात १० लाखांहून अधिक भारतीयांनी परदेशात सेवा बजावली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर गेली होती.

घटनेच्या दिवशीच लिहिली जात असल्याने युद्धदैनंदिनी मोलाची ठरते. तरीही ती पूर्णतः निर्दोष नसते. धुमश्चक्रीच्या काळात नोंदी तुटक होतात किंवा काही दिवसांनी एकत्र लिहिल्या जातात. शत्रूच्या हानीचे आकडे बहुधा अंदाजाने दिलेले असतात. म्हणून दैनंदिनी, वरिष्ठ मुख्यालयाची कागदपत्रे, शौर्यपदकांची मानपत्रे, नकाशे आणि प्रतिपक्षाची साधने यांचा एकत्र विचार केला जातो. इटलीच्या रणभूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) यांच्या पराक्रमाचे अधिकृत वर्णन मानपत्रात मिळते. मात्र त्या लढाईचा हेतू आणि परिणाम समजण्यासाठी ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या संबंधित पलटणींच्या व त्यांच्या वरिष्ठ मुख्यालयांच्या नोंदी पाहाव्या लागतात.

अधिकृत इतिहास

दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सैन्याचा बहुखंडी अधिकृत इतिहास विश्वेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली तयार झाला. फाळणीनंतरही हे काम भारत व पाकिस्तान यांच्या संयुक्त विभागामार्फत चालले. पुढे १९५३ मध्ये भारताच्या संरक्षण मंत्रालयात इतिहास विभाग स्थापन झाला. या विभागाने तयार केलेला हैदराबाद कारवाईचा इतिहास १९७२ मध्ये, तर १९४७-४८ च्या काश्मीर युद्धाचा इतिहास १९८७ मध्ये प्रकाशित झाला.

१९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांचे इतिहास १९९२ च्या सुमारास सिद्ध झाले. ते मर्यादित वितरणासाठीच होते आणि २००० मध्ये एका इंग्रजी दैनिकाने ते संकेतस्थळावर आणल्यावर सामान्य वाचकांपर्यंत पोहोचले. १९६२ च्या इतिहासाचे लेखन पी. बी. सिन्हा आणि कर्नल अनिल आठले यांनी केले. मुख्य संपादक एस. एन. प्रसाद होते.

जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धविषयक कागदपत्रांबाबत नवे धोरण जाहीर केले. त्यानुसार युद्ध किंवा मोहीम संपल्यापासून दोन वर्षांत इतिहासलेखनासाठी समिती नेमावी आणि त्यापुढील तीन वर्षांत साधनांचे संकलन व लेखन पूर्ण करावे, असे ठरले. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ व त्याखालील १९९७ चे नियम यांच्या आधारे कागदपत्रे सर्वसाधारणपणे २५ वर्षांत खुली करण्याचे तत्त्वही त्यात आहे. युद्धातून मिळालेले धडे वेळेत नोंदवावेत ही सूचना कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली होती.

१९६२ च्या युद्धाचे उदाहरण

भारत-चीन युद्धाच्या इतिहासलेखनात साधनांच्या बंदिस्तपणाचा प्रश्न ठळकपणे दिसतो. युद्धानंतर लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमींद्रसिंग भगत यांनी लष्करी पराभवाची चौकशी केली. तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत चौकशीच्या निष्कर्षांविषयी निवेदन केले. त्यात प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, नेतृत्वरचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची कार्यक्षमता हे मुद्दे होते. मूळ अहवाल मात्र शासनाने प्रसिद्ध केला नाही. त्याचा मोठा भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये महाजालावर आणला.

मधल्या अर्धशतकात वाचकांसमोर मुख्यतः सहभागी अधिकाऱ्यांची पुस्तके होती. चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांनी १९६७ मध्ये आपली बाजू मांडली. नामका चू नदीवरील सातव्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी युद्धात चीनचे बंदी झाले होते. त्यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक १९६९ मध्ये आले. त्यात नामका चूवरील तैनातीवर आणि वरिष्ठ नेतृत्वावर कठोर टीका आहे. कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे प्रमुख होते. चिनी आक्रमणाचा संभाव्य धोका आपण १९५९ मध्ये लेखी कळवला होता आणि मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किला’ या युद्धसरावात तो दाखवून दिला होता, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

या तिघांची पदे, काळ आणि हितसंबंध भिन्न होते. कौल यांना स्वतःवरील आरोपांना उत्तर द्यायचे होते. दळवी आपल्या ब्रिगेडच्या विनाशाची कारणमीमांसा करत होते, तर थोरात युद्धापूर्वीच निवृत्त झाले होते. त्यामुळे आठवणींतील विधान हे पुरावा म्हणून उपयुक्त असले, तरी समकालीन कागदपत्राशी ताडून पाहिल्याशिवाय ते अंतिम मानले जात नाही.

सैनिकी कारवाई आणि नागरी समाज

युद्धाचा इतिहास केवळ लष्करी साधनांवरून लिहिल्यास तो अपुरा राहतो, हे हैदराबाद कारवाईवरून दिसते. तत्कालीन वऱ्हाडातील वाशिमच्या दक्षिणेस निजाम राज्याची हद्द होती आणि आजचा हिंगोली जिल्हा त्या राज्यात मोडत असे. रझाकारांच्या अत्याचारांच्या पार्श्वभूमीवर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली. लष्करी दृष्टीने ही मोहीम पाच दिवसांत संपली.

कारवाईदरम्यान व त्यानंतर झालेल्या हिंसाचाराची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालील समितीने केली. या समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजार असल्याचा अंदाज वर्तवला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून नोंदवले. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित होता. अधिकृत लष्करी इतिहास, सुंदरलाल अहवाल, मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्यांच्या आठवणी आणि रझाकारांच्या अत्याचारांच्या नोंदी एकत्र वाचल्यावरच या मोहिमेचे समग्र चित्र उभे राहते.

जिल्हा पातळीवरील शोध : वाशिम

सैनिकांचा स्थानिक इतिहास लिहिताना प्रशासकीय सीमांतील बदल ध्यानात घ्यावे लागतात. ब्रिटिश काळातील कागदपत्रांत वाशिमचे नाव ‘बासीम’ असे आढळते. बासीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून बासीम व मंगरूळ हे तालुके अकोला जिल्ह्याला, तर पुसद तालुका यवतमाळ जिल्ह्याला जोडण्यात आला. सध्याचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला.

त्यामुळे दोन्ही महायुद्धांत, तसेच १९६२, १९६५ किंवा १९७१ च्या युद्धात लढलेल्या येथील सैनिकाच्या कागदपत्रांवर जिल्हा म्हणून अकोल्याचे नाव असू शकते. केवळ ‘वाशिम जिल्हा’ या नावाने शोध घेतल्यास तो सैनिक सापडत नाही. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला असल्याने स्वातंत्र्यपूर्व काळासाठी नागपूर ही प्रांतिक राजधानी होती, हेही लक्षात ठेवावे लागते.

शोधाची सुरुवात सैनिक क्रमांक, पलटण आणि गावाचे नाव यांपासून करणे सोयीचे ठरते. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, सेवापुस्तिका, पदके आणि घरातील पत्रे यांवर ही माहिती मिळते. पदकाच्या कडेवर अनेकदा सैनिकाचा क्रमांक व नाव कोरलेले असते. रेजिमेंट कळल्यावर तिच्या केंद्राशी संपर्क साधता येतो; मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगाव येथे, तर महार रेजिमेंटचे सागर येथे आहे. माजी सैनिक व वीरपत्नी यांच्याविषयीचे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये पाहतात. महायुद्धांत मृत्यू पावलेल्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत शोधता येतात. पुण्याजवळील खडकीचे युद्धस्मारक याच आयोगाच्या देखरेखीखाली आहे.

गाववार नोंदींचे महत्त्व पंजाबच्या उदाहरणावरून कळते. लाहोर संग्रहालयात पहिल्या महायुद्धातील सुमारे ३ लाख २० हजार पंजाबी सैनिकांच्या नोंदवह्या होत्या. २०२१ पासून त्यांतील काही जिल्ह्यांच्या नोंदी महाजालावर उपलब्ध झाल्या आणि अनेक कुटुंबांना आपल्या पूर्वजांची सेवा प्रथमच पुराव्यासह कळली.

मराठीतील लेखन

मराठीत परदेशी युद्धांवरील ग्रंथांना मोठा वाचकवर्ग लाभला. वि. ग. कानिटकर यांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ आणि वि. स. वाळिंबे यांचे ‘दुसरे महायुद्ध’ ही त्यांतील ठळक पुस्तके होत. स्वतंत्र भारताच्या युद्धांवर निवृत्त सेनाधिकाऱ्यांनीही लेखन केले आहे. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांची ‘डोमेल ते कारगिल’ आणि १९६२ च्या पराभवावरील ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ ही पुस्तके या प्रकारात मोडतात. यशवंतराव चव्हाण यांचे खाजगी सचिव राहिलेले राम प्रधान यांनी चव्हाणांची १९६५ च्या युद्धकाळातील दैनंदिनी २००७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. राजकीय नेतृत्वाने युद्ध चालू असतानाच लिहिलेली नोंद म्हणून ती महत्त्वाची आहे.

लेखनातील अडचणी

कागदपत्रांच्या गोपनीयतेखेरीज इतरही अडचणी या लेखनात येतात. काळ लोटल्यावर सांगितलेल्या आठवणींत तारखा व स्थळे यांची सरमिसळ होते. पुढे वाचलेली किंवा चित्रपटांत पाहिलेली माहितीही नकळत त्यांत मिसळते. हताहतांचे आकडे देताना मृत, जखमी, बेपत्ता व युद्धबंदी हे गट वेगळे न ठेवल्यास तुलना चुकते. पराभूत तुकड्यांची दप्तरे युद्धातच नष्ट होण्याचा संभव असल्याने विजयाच्या तुलनेत पराभवाची साधने विरळ असतात. हयात सैनिकांच्या मुलाखती, त्यांच्या ध्वनिमुद्रणासह तारीख, पद व पलटण नोंदवून जतन केल्यास पुढील अभ्यासकांना त्या पडताळून पाहता येतात.